लंडन–न्यूयॉर्क : अंतर तेच, तरी जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का पडतो?

पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते आणि त्यांच्या पत्नी मार्चमध्ये लेकीकडे लंडनला जाणार असून तेथून 18 मार्चला मुलाकडे न्यूयॉर्कला जायचे आहे. तिकिटावर लंडनहून सुटण्याची वेळ सकाळी 11:20 आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ दुपारी 3:30 अशी दिली आहे. परतीचे विमान 12 एप्रिलला रात्री 9:30 वाजता न्यूयॉर्कहून सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 9:30 वाजता लंडनला पोहोचते. दोन्ही शहरांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक धरून त्यांनी हिशेब केला, तेव्हा जायला नऊ तास दहा मिनिटे आणि यायला सात तास, असे उत्तर आले. इंटरनेटवर अंतर 5,570 किलोमीटर दिसते आणि विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर धरला, तर कोणत्याही बाजूने सव्वासहा तास पुरायला हवेत. हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो का, विमान नकाशावर कॅनडाकडे वळसा घालताना का दिसते आणि हिशेबात चूक कुठे झाली, असे त्यांनी विचारले आहे.

मी चोवीस वर्षे उड्डाण-नियोजनाचे काम करतो. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, लागणारे इंधन आणि पोहोचण्याची वेळ ठरवणे, हे ज्या टेबलावर होते तेथे मी बसतो, आणि अटलांटिक महासागर ओलांडणारी उड्डाणे हा त्यातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे. आधी एवढेच सांगतो की आपल्या हिशेबातल्या दोन तास दहा मिनिटांच्या तफावतीपैकी एक तास घड्याळाचा आहे आणि उरलेला एक तास दहा मिनिटे वाऱ्याची आहेत.

प्रथम अंतराचे पाहू. आपल्याला दिसलेले 5,570 किलोमीटर हे लंडन शहराच्या मध्यापासून न्यूयॉर्क शहराच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे. विमान तेथून उडत नाही. ते पश्चिम लंडनमधील हीथ्रोहून उडते आणि क्वीन्समधील जॉन एफ. केनेडी विमानतळावर उतरते. या दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वी पूर्ण गोल मानली तर सुमारे 5,540 किलोमीटर भरते, आणि पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतले तर सुमारे 5,555 किलोमीटर भरते. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आमच्या कामात अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल हा वेग म्हणजे एक नॉट. त्या मापाने हे अंतर जवळजवळ बरोबर 3,000 नॉटिकल मैल होते, आणि पुढच्या सगळ्या हिशेबासाठी मी हाच सोयीचा आकडा वापरणार आहे.

कॅनडाच्या वळशाबद्दलची शंका जवळजवळ प्रत्येक प्रवाशाला येते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, त्याचे एक टोक लंडनवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो ताणा. दोरा आपोआप आयर्लंडवरून वर सरकतो, अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडवर येतो आणि नोव्हा स्कोशिया, बोस्टन असा खाली उतरत न्यूयॉर्कला पोहोचतो. गोलावरच्या दोन बिंदूंमधला हा सर्वांत जवळचा रस्ता असतो. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. न्यूयॉर्क लंडनपेक्षा जवळपास अकरा अंश दक्षिणेला आहे, आणि तरीही या मार्गाने निघणाऱ्या विमानाचे नाक सुरुवातीला सरळ पश्चिमेच्या अठरा अंश उत्तरेकडे असते आणि ते 53 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जाऊन मग खाली येते. आपण शाळेपासून पाहतो त्या भिंतीवरच्या सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणून दाखवलेला असतो, म्हणून हाच सरळ रस्ता तेथे कमानीसारखा दिसतो. त्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या रेषेने विमान नेले, तर सुमारे 230 किलोमीटर जास्त पडतील. थोडक्यात, आसनासमोरच्या पडद्यावर आपल्याला जो वळसा दिसतो तो नकाशाचा आहे.

आता पृथ्वीच्या फिरण्याबद्दल. ही समजूत फार रुळलेली आहे आणि चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही मी ती ऐकली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. लंडनच्या अक्षांशावर तिचा पृष्ठभाग ताशी हजार किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने पूर्वेकडे सरकत असतो. विमान हवेत गेल्यावर पृथ्वी त्याच्याखालून निसटत असती, तर पश्चिमेचे न्यूयॉर्क स्वतःहून विमानाकडे चालत आले असते आणि जाणेच लवकर झाले असते. प्रत्यक्षात होते त्याच्या बरोबर उलट. याचे कारण असे की जमिनीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि त्या हवेतले विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारली तर आपण जागच्या जागीच उतरतो, मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. तसेच हे आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो खरा, पण तो थेट विमानावर होत नाही, वाऱ्यावर होतो. विषुववृत्ताकडची हवा उष्ण आणि ध्रुवाकडची थंड असल्यामुळे उंचावर हवेच्या दाबात फरक पडतो. त्या फरकामुळे उत्तरेकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते, आणि मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो. याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उष्ण-थंडाचा फरक वाढतो तसा त्याचा जोर वाढतो. तेव्हा शंभर नॉटचा, म्हणजे ताशी 185 किलोमीटरचा वारा ही रोजची गोष्ट असते आणि एखाद्या दिवशी दोनशे नॉटही दिसतात. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवर उडतात.

महासागर ओलांडणाऱ्यांना या वाऱ्याचा अनुभव जेट विमानांच्या कितीतरी आधीपासून आहे. जुलै 1919 मध्ये आर-34 हे ब्रिटिश एअरशिप स्कॉटलंडमधील ईस्ट फॉर्च्यूनहून न्यूयॉर्कजवळच्या मिनिओला येथे 108 तासांत पोहोचले आणि काही दिवसांनी इंग्लंडमधील पुलहॅमला 75 तासांत परतले. त्याच्या आदल्या महिन्यात अल्कॉक आणि ब्राउन या दोघांनी विमानाने अटलांटिक प्रथमच न थांबता ओलांडला, तो न्यूफाउंडलंडहून आयर्लंडकडे, म्हणजे वारा पाठीशी घेऊन, सुमारे सोळा तासांत. उलट दिशेने, आयर्लंडहून अमेरिका खंडाकडे न थांबता जाणारे पहिले विमान ‘ब्रेमेन’. ते कॅनडाच्या एका लहान बेटावर उतरले एप्रिल 1928 मध्ये, म्हणजे जवळपास नऊ वर्षांनी, आणि त्याला छत्तीस तासांहून अधिक वेळ लागला. समुद्र तोच होता. या नऊ वर्षांच्या अंतरात समोरच्या वाऱ्याचा वाटा किती मोठा असेल, हे मला नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आता ज्या गोष्टीवर सगळा हिशेब उभा आहे तिच्याकडे येऊ. विमानाचा ताशी नऊशे किलोमीटर हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. विमान जमिनीला ओळखत नाही; ते ज्या हवेत आहे ती हवाच सरकत असेल, तर तिच्याबरोबर तेही सरकते. शाळेत आपण नाव आणि प्रवाह यांची गणिते केली होती, तीच येथे लागू पडतात. लांब पल्ल्याचे आजचे विमान साधारण 480 नॉट वेगाने उडते असे धरा. वारा अजिबात नसेल, तर 3,000 नॉटिकल मैलांना सव्वासहा तास लागतील; आपलेही उत्तर तेच आले होते. आता वाटेत सरासरी पन्नास नॉटचा वारा पश्चिमेकडून आहे असे माना. जाताना जमिनीवरचा वेग 430 नॉट होतो आणि सुमारे सात तास लागतात. येताना तो 530 नॉट होतो आणि पाच तास चाळीस मिनिटांत काम होते. एक तास वीस मिनिटांचा फरक येथेच पडला. वारा शंभर नॉट असेल, तर जायला सात तास चौपन्न मिनिटे आणि यायला पाच तास दहा मिनिटे, म्हणजे फरक पावणेतीन तासांच्या घरात जातो.

या गणितात एक बारीक गोष्ट आहे. जाताना वाऱ्याने जेवढा वेळ घेतला तेवढा तो येताना परत देतो, असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. शंभर नॉटच्या वाऱ्यात येताना एक तास पाच मिनिटे वाचतात आणि जाताना एक तास एकोणचाळीस मिनिटे जास्त जातात. समोरचा वारा विमानाला हळू करतो आणि हळू झालेले विमान त्या वाऱ्यात अधिक वेळ राहते, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठे असते. जाऊन येण्याचा एकूण वेळ वारा नसतानाच सर्वांत कमी असतो.

आमच्या टेबलावर म्हणून दोन अंतरे असतात, एक जमिनीवरचे आणि एक हवेतले. पन्नास नॉटच्या वाऱ्यात जाताना विमान हवेतून सुमारे 3,350 नॉटिकल मैल कापते आणि येताना केवळ 2,720 च्या आसपास. किलोमीटरमध्ये हा फरक साडेअकराशेहून जास्त भरतो. इंधन हवेतल्या अंतरावर जळते आणि वेळही त्यावरच ठरतो. त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्क जितके दूर आहे, तितके न्यूयॉर्कहून लंडन दूर नाही, असे मी म्हणतो तेव्हा ते शब्दशः खरे असते. संकेतस्थळे पहिले अंतर देतात आणि त्याला एका ठरावीक वेगाने भागून वेळ सांगतात. दुसरे अंतर रोज, किंबहुना दर काही तासांनी बदलते, त्यामुळे ते एका आकड्यात छापता येत नाही.

ते कागदावर कसे दिसते तेही सांगतो. वैमानिकाच्या हाती उड्डाणाआधी जो आराखडा पडतो, त्यात मार्गातील प्रत्येक बिंदूसाठी एक ओळ असते. आयर्लंडच्या पश्चिमेला, 53 अंश उत्तर आणि 15 अंश पश्चिम येथे मालोट नावाचा बिंदू आहे. जमिनीवर त्याची कसलीही खूण नाही, ते केवळ समुद्रावरच्या एका जागेला दिलेले पाच अक्षरी नाव आहे. त्याच्यापुढे नावे संपतात आणि केवळ अक्षांश-रेखांश उरतात: 53/20, 53/30, 52/40, 51/50. प्रत्येक ओळीत त्या जागचा वारा लिहिलेला असतो, जसे 260/095, म्हणजे 260 अंशांकडून पंच्याण्णव नॉट, आणि त्याच्या शेजारी त्या वाऱ्याचा मार्गावर पडणारा भाग. तो अडवणारा असेल तर आकड्याआधी ‘एम’ म्हणजे मायनस, आणि ढकलणारा असेल तर ‘पी’ म्हणजे प्लस. संपूर्ण मार्गाची सरासरी आराखड्याच्या माथ्यावर छापलेली असते. अनुभवी वैमानिक कागद हातात घेतल्यावर आधी तोच आकडा शोधतो. ‘एम 048’ दिसले की तो मान हलवतो आणि ‘एम 090’ दिसले की इंधनाची ओळ पाहतो.

हिवाळ्यातल्या एका सकाळची गोष्ट मला नेहमी आठवते. जेट प्रवाह नेमका आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये, म्हणजे सर्वांत जवळच्या मार्गावरच पसरला होता. त्या मार्गाने सरासरी नव्वद नॉटचा वारा समोरून होता, म्हणजे सात तास एकेचाळीस मिनिटे. मी मार्ग उत्तरेला, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या बाजूने नेला. तो दोनशे नॉटिकल मैल, म्हणजे 370 किलोमीटर लांब पडत होता, पण तेथे समोरचा वारा सरासरी पंचेचाळीस नॉटच होता. वेळ आला सात तास एकवीस मिनिटे. लांबचा रस्ता वीस मिनिटे लवकर पोहोचत होता आणि दीड टनाहून अधिक इंधन वाचत होते. त्या उड्डाणाला असलेल्या नव्या सहवैमानिकाने दूरध्वनी करून एवढा वळसा कशासाठी, असे विचारले. मी त्याला दोन्ही मार्गांचे वारे वाचून दाखवले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. ते उत्तरेकडूनच गेले. आपले विमान 18 मार्चला पडद्यावर ग्रीनलंडच्या दिशेने जाताना दिसले, तर वैमानिक वारा चुकवतो आहे असे समजा. परतीच्या रात्री ते दोऱ्याच्या रेषेच्या बरेच दक्षिणेने आले, तर त्या दिवशी जेट प्रवाह तेथे असेल आणि विमान मुद्दाम त्यात शिरले असेल.

मात्र प्रत्येकाला हवा तो मार्ग मिळतोच असे नाही. युरोपहून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक विमाने दिवसा निघतात आणि तिकडून येणारी बहुतेक रात्री, कारण प्रवाशांना त्याच वेळा सोयीच्या असतात. सगळ्यांना त्याच काही तासांत वाऱ्याच्या दृष्टीने उत्तम असलेली तीच पट्टी हवी असते आणि भर समुद्रात जमिनीवरच्या रडारची नजर पोहोचत नाही. म्हणून अटलांटिकवर रोज दोनदा समांतर मार्गांचा एक संच आखला जातो. त्यांना नॅट ट्रॅक म्हणतात. पश्चिमेकडे जाणारे दिवसाचे मार्ग स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथून चालणारे शॅनविक हे हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र ठरवते आणि पूर्वेकडे येणारे रात्रीचे मार्ग न्यूफाउंडलंडमधील गँडर केंद्र. विमान कंपन्या आदल्या दिवशी आपल्या पसंतीचे मार्ग कळवतात आणि वाऱ्याचा अंदाज पाहून हे मार्ग ठरतात, त्यामुळे कालचे मार्ग आज तसेच असतील असे नसते. 30 अंश पश्चिम रेखांश ही दोन्ही केंद्रांमधली हद्द आहे. आपले विमान जाताना ती लंडनच्या वेळेने दुपारी दोनच्या सुमारास ओलांडेल. पूर्वी एकाच मार्गावरच्या, एकाच उंचीवरच्या दोन विमानांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवावे लागे, म्हणून गर्दीच्या दिवशी मनाजोगी उंची किंवा मार्ग न मिळणे नित्याचे होते. आता विमाने उपग्रहांमार्फत आपली स्थिती कळवतात आणि 2019 पासून या महासागरावर उपग्रहांतून त्यांच्यावर नजर ठेवता येते. त्यामुळे ती अधिक जवळून नेता येतात. माझ्या कामाच्या काळात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे, असे माझे मत आहे.

दोन इंजिनांची विमाने समुद्रावर जमिनीपासून फार लांब जात नाहीत, असेही आपण ऐकले असेल. 1953 पासून अमेरिकेत एक इंजिन बंद पडल्यास साठ मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोहोचता आले पाहिजे, असा नियम होता. 1985 मध्ये ही मर्यादा 120 मिनिटांवर गेली आणि पुढे 180 आणि त्याहून अधिक झाली. आयर्लंडमधील शॅनन, आइसलंडमधील केफ्लाविक, कॅनडातील गँडर आणि गूज बे, अझोर्स बेटांवरील लाजेस हे विमानतळ त्यासाठी आराखड्यात धरलेले असतात. लंडन–न्यूयॉर्क मार्गावर आज या नियमामुळे वेळेत काही फरक पडत नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

वाऱ्याचा हा खेळ जेट विमानांच्या पहिल्याच दिवशी दिसला होता. 4 ऑक्टोबर 1958 रोजी कॉमेट विमानांनी लंडन–न्यूयॉर्क जेट सेवा दोन्ही बाजूंनी सुरू केली. पूर्वेकडे येणारे विमान सव्वासहा तासांच्या आसपास थेट पोहोचले, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याला इंधनासाठी गँडरला उतरावे लागले आणि दहा तासांहून अधिक वेळ गेला. अलीकडचे उदाहरण फेब्रुवारी 2020 मधील आहे. एका मोठ्या वादळामुळे जेट प्रवाह इतका जोरात होता की न्यूयॉर्कहून आलेले एक बोइंग 747 चार तास छप्पन्न मिनिटांत हीथ्रोला उतरले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग काही काळ ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असे तेव्हा अनेकांनी लिहिले. हवेच्या सापेक्ष त्याचा वेग नेहमीसारखाच होता. खरोखर ध्वनीहून वेगवान असलेल्या कॉन्कॉर्डने 7 फेब्रुवारी 1996 रोजी हेच अंतर दोन तास त्रेपन्न मिनिटांत कापले. नेहमीच्या फेरीत कॉन्कॉर्ड साडेतीन तासांत जाई, म्हणजे लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेला प्रवासी न्यूयॉर्कच्या घड्याळात त्याच सकाळी साडेनऊच्या आत पोहोचलेला असे. 2003 मध्ये ती सेवा बंद झाली आणि आपण पुन्हा वाऱ्याच्या हाती आलो.

मग वैमानिक वेग वाढवून वेळ भरून काढू शकत नाही का? थोडाच. या विमानांचा किफायतशीर वेग आणि कमाल वेग यांत अंतर फार कमी असते. अकरा नॉट वाढवले तर संपूर्ण महासागरात आठ-नऊ मिनिटे वाचतात, आणि त्यासाठी जळणाऱ्या जादा इंधनाचे वजनही लंडनपासून वाहून न्यावे लागते. सात तासांच्या उड्डाणात जादा भरलेल्या इंधनाचा पाचवा ते चौथा हिस्सा केवळ ते वाहून नेण्यातच खर्च होतो. म्हणून उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचते, तेव्हा त्याचे श्रेय बहुधा वैमानिकाच्या घाईपेक्षा वेळापत्रकात ठेवलेल्या सवलतीला असते.

ही सवलत कशी असते हे सांगितले की तिकिटावरचे आकडे जुळतील. तिकिटावर उडण्याची आणि उतरण्याची वेळ नसते. विमान विमानतळाच्या दारापासून (गेटपासून) मागे ढकलले जाण्याची आणि दुसऱ्या विमानतळावर दाराशी उभे राहण्याची वेळ असते. या संपूर्ण काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोवर धावपट्टीपर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. न्यूयॉर्कला रात्री युरोपकडे निघणाऱ्या विमानांची एकामागे एक रांग लागते आणि पाऊण तास जमिनीवरच जाणे नवलाचे नाही. लंडनला सकाळी उतरताना बॉव्हिंग्डन, लॅम्बॉर्न, ऑकहॅम आणि बिगिन या चार जागी विमाने एकावर एक थरांत घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. कंपन्या मागच्या वर्षांच्या त्याच महिन्यातले वारे आणि या रांगा पाहून, बहुतेक दिवशी पुरेल इतका वेळ वेळापत्रकात लिहितात. आपली परतीची सात तासांची वेळ म्हणूनच मोठी दिसते. हवेत त्यातले पावणेसहा ते सव्वासहा तासच जातील. वारा चांगला असला तर विमान अर्धा तास आधीही येऊन पोहोचेल, पण त्याचे दार रिकामे नसल्यामुळे ते तेथेच थांबून राहू शकते. लवकर उतरण्यावर विसंबून पुढचे काही ठरवू नका. लंडनहून मुंबईचे विमान त्याच दिवशी आणि वेगळ्या तिकिटावर असेल, तर मधला वेळ किमान पाच तासांचा तरी ठेवावा, असा माझा आग्रह राहील.

आता आपल्या हिशेबातला तो एक तास. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात वर्षाचा बहुतेक काळ पाच तासांचाच फरक असतो; आपण घेतलेला आकडा चुकीचा नव्हता, तारीख वेगळी होती. दोन्ही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करतात, पण एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत हा फरक चार तासांचाच उरतो. 18 मार्च नेहमीच या मधल्या काळात पडतो. शरद ऋतूत ब्रिटनची घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात आणि अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे तेव्हाही एक आठवडा असाच जातो. म्हणून आपल्या जाण्याचा हिशेब असा करावा: सकाळी 11:20 ते दुपारी 3:30 म्हणजे चार तास दहा मिनिटे, त्यात घड्याळातल्या फरकाचे चार तास मिळवले की आठ तास दहा मिनिटे. येताना 12 एप्रिलला दोन्हीकडे उन्हाळी वेळ लागू असल्यामुळे फरक पुन्हा पाच तासांचा आहे. रात्री 9:30 ते सकाळी 9:30 हे बारा तास, त्यातून पाच वजा केले की सात तास. फरक उरला एक तास दहा मिनिटांचा, आणि तो मार्च-एप्रिलच्या वाऱ्याशी अगदी जुळतो.

हाच वारा आपल्याला मुंबईहून लंडनला जातानाही भेटणार आहे, कारण तेही उड्डाण पश्चिमेकडचेच आहे. मुंबई–लंडन प्रवासात जायला यायच्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, त्याचेही कारण हेच आहे.

पुण्यात जे आपल्या फोनची वाट पाहतील, त्यांच्यासाठी शेवटचा हिशेब देतो. 18 मार्चला न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असेल, म्हणजे आपण दुपारी 3:30 ला पोहोचाल तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून एक वाजलेला असेल. शिवाय तेथे इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास जाऊ शकतो, म्हणून पोहोचल्याचा फोन सकाळी उठल्यावर पाहा असे घरी सांगून ठेवा. लंडनचे मात्र आपण न्यूयॉर्कला असतानाच बदलेल: मार्चच्या मध्यात लंडन पुण्याच्या साडेपाच तास मागे असते आणि शेवटच्या रविवारनंतर साडेचार तास. त्यामुळे 13 एप्रिलला सकाळी 9:30 वाजता आपण हीथ्रोला पोहोचाल, तेव्हा पुण्यात दुपारचे दोन वाजलेले असतील.